आयझॅक गिडियनचं आडनाव

गेल्या हिवाळ्यात आमच्या इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या घरात तिसरा माणूस राहायला आला. त्याचं नाव आयझॅक. तो १९०१ साली वारलेला होता, पण माझ्या बायकोला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून मी गुडघे चोळत घरात यायचो, तर ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी लॅपटॉप उघडून बसलेली. शेजारी चहा गार झालेला. बाहेरच्या पांढऱ्या अंगणाकडं बघत ती म्हणायची, "अहो, थंडीत नदी ओलांडली तेव्हा त्याच्या पायात बूट होते का हो?" आता मला काय माहीत? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनियर, मला माझे स्वतःचे बूट सापडत नाहीत.

नीला पहिल्यापासून अशीच. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होती, आणि मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले की तिला जग जरा धूसरच दिसायचं. गाडी चालवताना एक्झिट चुकायची ती इतक्या शांतपणे, की मी ओरडेपर्यंत आम्ही पुढच्या गावात पोचलेले असायचो. कुणाच्या मुंजीला जायचं तर दुसऱ्याच घरी जाऊन बसली होती एकदा, तिथले लोक भले, त्यांनी जेवायला घातलं. मी चिडका आहे, हे मी मान्य करतो. पण पन्नास वर्षं या बाईबरोबर काढून कुणीही चिडका झाला असता. कामात मात्र तिची चूक कुणी दाखवलेली नाही. तिथं तिचा एकच नियम होता, लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, काचेखाली काय आहे ते बघायचं.

रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका योगा, भिशी आणि नातवंडं यांत रमल्या. हिनं एका अभिलेखागाराचं बिनपगारी काम घेतलं. जुनी हस्तलिखितं स्क्रीनवर वाचायची आणि टाइप करायची. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात जन्म गेलेला, त्यामुळं हिला ती लिखावट लोण्यासारखी जायची. सगळी पत्रं, अर्ज, हजेरीपट इथल्या यादवी युद्धातली. मी या देशात अठ्ठेचाळीस वर्षं आहे. सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूमध्ये अधिकाऱ्यानं विचारलं होतं, उत्तर आणि दक्षिण का लढले? मी म्हणालो, गुलामगिरी. त्यानं खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. माझ्या लेखी ते युद्ध तिथंच संपलं होतं.

नीलाच्या लॅबमध्ये बावीस वर्षं स्लाइडसाठी रुग्णांच्या गाठींचे काप काढायला ऑडेसा गिडियन नावाच्या बाई होत्या. काळ्या, उंच, अत्यंत टापटिपीच्या, चर्चच्या पक्क्या. केसापेक्षा पातळ काप काढायच्या आणि वर म्हणायच्या, "डॉक, हा नीट बघ, मला हा आवडलेला नाही." बहुतेक वेळा तिथंच कॅन्सर निघायचा. आता त्या नव्वदीच्या आहेत, शेजारच्या ऑरोरात एकट्या राहतात. दर गुरुवारी नीला त्यांच्याकडं जेवायला जाते आणि मी ड्राइव्ह करतो, कारण एक्झिटचं मी सांगितलंच.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ऑडेसाबाईंनी जेवणानंतर एक पत्र पुढं केलं. त्यांचे पणजोबा आयझॅक गिडियन युद्धात लढले होते, असं घरात चार पिढ्या सांगत आलेले. ते इलिनॉयच्या पश्चिम टोकाला, मिसिसिपी नदीच्या काठच्या एका छोट्या दफनभूमीत पुरलेले आहेत. डोक्याशी दगड नाही, नुसता एक ओक. सैनिकाच्या बिनदगडाच्या थडग्याला सरकार स्वतःच्या खर्चानं संगमरवरी दगड देतं, म्हणून बाईंनी अर्ज केला होता. उत्तर आलं की या नावाचा सैनिक कुठल्याही पलटणीच्या यादीत नाही.

"माझं हृदय पंचवीस टक्के चालतंय," ऑडेसाबाई म्हणाल्या. त्या हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. "तो दगड उभा राहिलेला मला बघायचाय. नाहीतर माझ्यामागं कुणी बघणार नाही. आमच्यातली मी शेवटची."

नीलानं पत्र वाचलं, परत वाचलं, आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "आयझॅक त्याचं नाव, गिडियन त्याच्या वडिलांचं. आडनाव काय होतं?"

ऑडेसाबाई हसल्या. "डॉक, गिडियन हेच आमचं आडनाव. माझ्या दारावर पाटी आहे."

मी कपाळावर हात मारला. ही आपली खास मराठी चूक. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, ही ओळ आपल्या हाडात बसलेली असते. फॉर्मवरचा मधला रकाना आपण बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावानं भरून टाकतो आणि पुढं जन्मभर निस्तरत बसतो. मी इथं आलो तेव्हा पहिली दोन वर्षं बँक मला मिस्टर गजानन म्हणायची. गजानन माझे वडील, ते कधी नागपूरच्या पुढं गेले नाहीत. परतताना गाडीत मी नीलाला म्हणालो, "त्यांच्यात तसं नसतं. काय तू पण."

ती खिडकीतून बर्फाच्या बारीक भुरभुरीकडं बघत होती. "नसेल," ती म्हणाली. "पण मला तो नुसता आयझॅक, गिडियनचा मुलगा, असाच दिसतो."

झालं. त्या दिवसापासून आयझॅक आमच्याकडं राहायला आला. इलिनॉयच्या काळ्या सैनिकांच्या पलटणीतले सगळे आयझॅक तिनं काढले. आडनावाकडं बघायचंच नाही, असं ठरवलं होतं. एकेक आयझॅक काचेखाली घेतल्यासारखा. हा लढाईत गेला, हा कॅनडात जन्मलेला, याला मूलबाळ नाही. दुपारी तिचा डोळा लागायचा, लॅपटॉप मांडीवर, आणि जागी झाली की मला स्वप्न सांगायची. नदीवर धुकं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, पाण्यात कुणीतरी हळू चालत येतंय, आणि काठावरचा माणूस त्याला काहीतरी विचारतोय, पण शब्द ऐकू येत नाहीत. मी म्हणायचो, दुपारी भात कमी खा.

पण खरं सांगायचं तर मलाही ते सगळं दिसायला लागलं होतं. ती मोठ्यानं वाचायची आणि मी भाजी निवडत ऐकायचो. युद्धाच्या आधीच्या शिरगणतीत गुलामांची नावंच नाहीत. मालकाचं नाव वर, आणि खाली वय, पुरुष की बाई, रंग. माणूस नाहीच, नुसती ओळ. दहा वर्षांनंतरच्या शिरगणतीत तीच माणसं नाव-आडनावासकट, कुणी शेतकरी, कुणी लोहार, कुणी धोबीण. त्या दहा वर्षांच्या मध्ये सहा-सात लाख माणसं मेली. मी एका शब्दात उत्तर दिलं होतं आणि त्या अधिकाऱ्यानं खूण केली होती, हे आठवून मला स्वतःची लाज वाटली. अठ्ठेचाळीस वर्षं मी यांच्या रस्त्यांवरून गाडी हाकत होतो.

जानेवारीच्या शेवटी तिला सापडला. आयझॅक टिली, वय बावीस, जन्म मिसुरी, धंदा शेतमजूर, १८६४ साली क्विन्सीला भरती. मिसुरी गुलामांचं राज्य, क्विन्सी नदीच्या या काठावर, इलिनॉयमध्ये. मिसुरीच्या शिरगणतीत टिली नावाच्या शेतकऱ्याच्या खाली एक ओळ होती: पुरुष, अठरा, काळा. वय जुळत होतं, राज्य जुळत होतं. ज्या दफनभूमीत पणजोबा आहेत, ती क्विन्सीहून बारा मैलांवर.

पुढच्या गुरुवारी नीलानं हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. ऑडेसाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

"म्हणजे दगडावर टिली लिहितील?"

"यादीत तेच नाव आहे," नीला म्हणाली.

"मग नको." बाईंचा आवाज चढला नाही, पण लॅबमध्ये कुणी काप बिघडवला की असाच व्हायचा म्हणे. "ज्यानं त्याला बैलासारखं बांधलं होतं, त्याचं नाव मी त्याच्या डोक्याशी संगमरवरात कोरून देऊ? त्यापेक्षा ओक बरा. आणि हा तोच माणूस कशावरून? मिसुरीत आयझॅक काय कमी होते?"

त्यानंतर दोन गुरुवार त्यांनी आम्हाला बोलावलं नाही. नीला खिडकीशी बसून राहायची, लॅपटॉप बंद. तिला अपराधी वाटत होतं. म्हातारीला आशा दाखवून तिचं मन मोडलं, असं तिनं घेतलं होतं. मला तर रागच आला होता, ऑडेसाबाईंचा, त्या टिलीचा, आणि एकंदर सगळ्यांचाच. मी चहा ठेवायचो आणि भांडी आपटायचो, माझी तेवढीच मदत.

एका दुपारी ती एकदम म्हणाली, "अहो, मावशीचं अॅफिडेव्हिट."

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. १९७५ साली नागपूरला आमचं लग्न झालं, तेव्हा हिचं नाव उत्तरा वझलवार होतं. आपल्यात लग्नात मुलीचं नावही बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. मी नीला लिहिलं. मला ते नाव आवडायचं, बस. उत्तराला आवडतं का, हे विचारायचं असतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या डोक्यात आलंही नाही. पुढं अमेरिकेत आलो, तर हिची एमबीबीएसची डिग्री उत्तरा वझलवारच्या नावाची आणि पासपोर्ट नीला सबनीसचा. लायसन्सचे कागद दोनदा परत आले. एक वर्ष ही डॉक्टर बाई दुकानात काउंटरवर उभी राहिली. शेवटी हिच्या मावशीनं नागपूरच्या कोर्टात शपथेवर लिहून दिलं की उत्तरा आणि नीला ही एकच व्यक्ती आहे, मी तिला परकरी पोर असल्यापासून ओळखते.

"त्याच्या बायकोनं पेन्शन मागितली असणार," नीला म्हणाली. "लढला टिली म्हणून, मेला गिडियन म्हणून. तिला कुणीतरी हेच विचारलं असणार. तिनं शपथेवर सांगितलं असणार. अहो, असा कागद असलाच पाहिजे."

मी जरा चाचरत म्हणालो, "तुझं आणि त्याचं सारखंच झालं म्हणायचं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "बरोबरी करू नका. माझं नाव बदललं तेव्हा सनई वाजत होती आणि आई जवळ होती. त्याचं काय झालं ते तुम्हाला कळतंय का?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण विचारायला हवं होतंत तुम्ही." मी म्हणालो, हो. दुसरं काय म्हणणार? पन्नास वर्षं उशीर झाला होता. तिनं तेवढ्यावर विषय सोडला, मी मात्र अजून सोडलेला नाही.

वॉशिंग्टनच्या अभिलेखागारातून पेन्शनची फाइल यायला सहा आठवडे लागले. मार्चमध्ये स्कॅन आले, एकशे बारा पानं. सत्त्याण्णवाव्या पानावर हॅना गिडियन, वय अंदाजे अठ्ठावन्न, राहणार क्विन्सीजवळ, मृत आयझॅकची विधवा. पेन्शनचा तपासनीस घरी आला होता, त्यानं विचारलं ते आणि तिनं सांगितलं ते त्यानंच लिहून घेतलं. खाली सहीच्या जागी फुली.

हे नीलानं ऑडेसाबाईंना फोनवर सांगितलं नाही. आम्ही ऑरोराला गेलो, गुरुवार नसताना. बाईंनी दार उघडलं, नीलाच्या हातातले कागद बघितले, आणि खुर्चीत जाऊन बसल्या. नीलानं वाचायला सुरुवात केली.

तपासनीस विचारतो, तुझा नवरा सैन्यात टिली कसा? हॅना सांगते, भरतीच्या कारकुनानं विचारलं, तू कुणाचा? त्यानं सांगितलं, टिलीचा. कारकुनानं ते लिहून घेतलं. मग तपासनीस विचारतो, गिडियन हे नाव कुठून आलं? हॅना सांगते, ते त्याच्या बापाचं नाव. आयझॅक सात वर्षांचा असताना बापाला नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेत विकलं. लढाईहून आयझॅक परत आला त्या दिवशी मला म्हणाला, मी आता टिली नाही. मी बापाचं नाव घेतो, म्हणजे बाप मला शोधत आला तर त्याला नावावरून सापडेन. तपासनीस विचारतो, बाप सापडला का? हॅना सांगते, नाही साहेब. पण आयझॅक दर उन्हाळ्यात बोटीच्या धक्क्यावर जाऊन सगळ्यांना आपलं नाव सांगून यायचा.

नीलानं तिथं कागद मांडीवर ठेवले. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं, कारण मी रडत होतो. ऑडेसाबाई रडल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला आणि ते पान घेतलं, आणि फुलीवर बोट ठेवलं. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, बाहेर कुणाच्या तरी पन्हाळीतून वितळलेला बर्फ ठिबकत होता. आम्ही तिघं तिथं आहोत की त्या धक्क्यावर, हे मला सांगता आलं नसतं.

"तू बरोबर होतीस, डॉक," शेवटी बाई म्हणाल्या. "ते बापाचंच नाव."

सरकारनं हॅनाचा कागद मान्य केला. पण नियम असा निघाला की यादीतलं नाव वगळता येणार नाही. वर आयझॅक गिडियन, आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, टिली या नावानं सेवा केली, असं येईल. घ्यायचं तर हे घ्या. नीलाला वाटलं बाई पुन्हा नको म्हणणार. ऑडेसाबाईंनी दोन दिवस मागून घेतले. मग फोन करून म्हणाल्या, "त्याच्या बरोबरची पोरं त्याला टिली म्हणूनच हाक मारत होती. त्यातली कितीतरी व्हर्जिनियातल्या लढाईत मेली. त्यांनी हाक मारलेलं नाव मी खोडणारी कोण? येऊ दे दोन्ही."

मेच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. साडेचार तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना नुकताच पेरलेला मका, वर मोकळं आभाळ. ऑडेसाबाई पुढं, मांडीवर पर्स, मागं नीला. नदीजवळ आलो तसं धुकं लागलं, आणि दफनभूमी त्या धुक्यात अर्धी बुडालेली होती, ओकचा नुसता शेंडा वर. मला जरा चमत्कारिक वाटलं. हे मी आधी पाहिलंय असं वाटत होतं, आणि नीला तर अशी चालत होती की तिला वाट पाठ असावी.

दगड लावणारा माणूस आमच्याआधी येऊन काम उरकून बसला होता. पांढरा, सरळ, कमरेपेक्षा जरा खाली येणारा दगड. मी बाईंची घडीची खुर्ची समोर मांडली. त्या बसल्या. त्यांनी वरची ओळ वाचली, मोठ्यानं, आडनावासकट, आणि थांबून पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा तोंड नदीकडं होतं.

मग त्या वाकून खालची बारीक ओळ बघत राहिल्या. ती जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. भोवती नवीन गवत उगवत होतं, अजून तुरळक.

"इथलं गवत कोण कापतं?" त्यांनी त्या माणसाला विचारलं.

"मीच, मॅडम. पंधरा दिवसांनी."

"सगळीकडं काप," ऑडेसाबाई म्हणाल्या. "या दगडापुढं मात्र कापू नकोस."

त्यानं एकदा दगडाकडं बघितलं, एकदा बाईंकडं, आणि टोपी काढून बरं म्हणाला. नीला गुडघे टेकून खाली बसली. तिनं हाताच्या पंजानं गवताची उंची मापली, मग त्या अक्षरांची.

"जुलैपर्यंत झाकली जाईल," ती म्हणाली.